पाखरू खरं, पाकीटही खरं

न्यूयॉर्कचं सार्वजनिक ग्रंथालय आणि त्याच शहरातलं मेट्रोपॉलिटन संग्रहालय यांनी आपल्याकडची जुनी सिगारेट कार्डं, म्हणजे पूर्वी सिगारेटच्या पाकिटात घातली जाणारी छोटी चित्रकार्डं, डिजिटल रूपात सर्वांसाठी खुली केली, तेव्हापासून त्यांवरची पाखरं, मासे, फुलपाखरं आणि रानफुलं पुन्हा लोकांच्या घरात शिरली आहेत. कुणी त्यांची भेटकार्डं छापतं, कुणी ती मोबाइलच्या कव्हरवर घेतं, कुणी मुलांच्या खोलीत लावतं. त्यांच्याबरोबर एक वादही चालू आहे आणि तो फार उथळपणे घातला जातो आहे. एक बाजू म्हणते, ही गरिबाघरच्या मुलांच्या ज्ञानकोशाची पानं होती, मागे तंबाखू होती म्हणून नाकं मुरडू नका. दुसरी म्हणते, हे पोरांना व्यसनाकडे ओढणारं आमिष होतं, त्याचं कौतुक थांबवा. पहिल्या बाजूला पाकीट बघायचं नाही आणि दुसरीला पाखरू बघायचं नाही.

माझं मत असं आहे की ही कार्डं जपली पाहिजेत, दाखवलीही पाहिजेत, पण ज्या पाकिटातून ती निघाली त्या पाकिटासकट आणि मागच्या छापील बाजूसकट. त्यांवरची चित्रं बहुतेक वेळा खरी आणि काळजीपूर्वक काढलेली होती, आणि त्या खरेपणावरच सगळी विक्री उभी होती. पाखरू कापून वेगळं काढलं आणि भिंतीवर टांगलं की आपण कलेचा मान राखतो असं वाटतं. प्रत्यक्षात कंपनीला जे हवं होतं तेच आपण विनामोबदला करत राहतो.

मुळात या कार्डांचं काम फारच साधं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सिगारेट मऊ कागदी पाकिटात यायची आणि खिशात चेपायची. ती चेपू नये म्हणून आत एक जाड पुठ्ठा घालत. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर काहीतरी छापलं तर, ही कल्पना तिथून निघाली. १८८१ मध्ये जेम्स बोनसॅक याला सिगारेट वळण्याच्या यंत्राचं पेटंट मिळालं. हाताने वळणारी कुशल कामगार बाई दिवसाला तीन हजारांच्या आसपास सिगारेट करायची. हे यंत्र दहा तासांत एक लाख वीस हजारांच्या आसपास करू लागलं. माल अफाट झाला, सगळ्यांचा माल सारखाच झाला, आणि गिऱ्हाइकाने आपलंच पाकीट का उचलावं या प्रश्नाचं उत्तर तंबाखूत सापडेनासं झालं. ते उत्तर पुठ्ठ्यावर छापलं गेलं.

व्हर्जिनियातल्या रिचमंड शहरातली ॲलन अँड जिंटर ही कंपनी यात सर्वांत पुढे होती. १८८८ ते १८९० या तीनच वर्षांत तिने अमेरिकेतले पक्षी, जगातले वन्य प्राणी, उष्ण कटिबंधातले पक्षी, अमेरिकी पाण्यातले मासे, शिकारीचे पक्षी, चतुष्पाद प्राणी आणि जगातले गाणारे पक्षी असे संच काढले. प्रत्येक संच पन्नास कार्डांचा, प्रत्येक कार्ड जेमतेम दीड इंच रुंद आणि पावणेतीन इंच उंच. छपाई रंगीत शिळाछापाची. एकेका चित्रासाठी अनेक दगड, एकेक रंग चढवत नेलेला. आज भिंगाखाली धरलं तरी पिसांवरचे बारीक ठिपके जिवंत वाटतात. हे मी मनापासून म्हणतो. ज्या घरात रंगीत चित्र म्हणून काही नव्हतंच, त्या घरात हे आल्यावर काय वाटलं असेल? आपल्याकडे १८९४ मध्ये मुंबईत रविवर्म्यांचा छापखाना निघाला आणि त्यातली लक्ष्मी-सरस्वती चाळीच्या खोल्यांपर्यंत पोचली, तेव्हाचा हर्ष याच जातीचा होता. पुढे तीच देवता कंपन्यांच्या दिनदर्शिकांवर आली, लोकांनी चौकट करून ती देवघरात लावली, आणि खाली छापलेलं कंपनीचं नावही चौकटीत राहिलं.

आता पक्ष्यांच्या त्या पहिल्या संचाचं कार्ड उलटून बघा. तिथे पक्ष्याची माहिती असेल, तो काय खातो, घरटं कुठे बांधतो हे असेल, असं ज्ञानकोशवाल्यांना वाटतं. तिथे पन्नास पक्ष्यांच्या नावांची यादी आहे आणि कंपनीचं नाव आहे. तुमच्याकडे काय आहे आणि अजून काय घ्यायचं राहिलं आहे, एवढंच ते कार्ड सांगतं. समोरच्या बाजूला पाखरू आणि पाठीमागे खरेदीची यादी. डिजिटल संग्रहातून पसरणाऱ्या आणि लोक हौसेने वापरणाऱ्या चित्रांत सहसा समोरचीच बाजू असते, हा माझ्या लेखी या वादातला सर्वांत गंभीर दोष आहे.

निसर्गच का निवडला, हा प्रश्न दोन्ही बाजू विचारत नाहीत. पाकिटात नट्याही होत्या, खेळाडू होते, सेनापती होते, देशोदेशींचे झेंडे होते. पण नट्यांच्या तोकड्या कपड्यांतल्या छायाचित्रांवर धर्मोपदेशक तुटून पडत. १८९४ मध्ये खुद्द वॉशिंग्टन ड्यूक या वृद्ध तंबाखूवाल्याने आपल्या मुलाला, म्हणजे सिगारेटचा सम्राट होऊ घातलेल्या जेम्स ड्यूकला, असली चित्रं तरुण मुलामुलींना बिघडवतात अशा अर्थाचं पत्र लिहिलं होतं. सिगारेटबद्दल त्याची तक्रार नव्हती, चित्रांबद्दल होती! पाखरांना असलं काहीच आडवं येत नव्हतं. रॉबिन पक्ष्याला कोण अश्लील म्हणणार? आई ते कार्ड चुलीत घालत नाही, शिक्षक जप्त करत नाही, पाद्री त्यावर प्रवचन झोडत नाही. शिवाय निसर्ग मोजता येतो आणि तरीही संपत नाही. पक्षी झाले की मासे, मासे झाले की फुलपाखरं, मग गुलाब, मग आल्प्समधली फुलं. दर संच पूर्ण करता येण्याजोगा आणि त्यामागे पुढचा तयार. याहून सोयीचा विषय विक्रेत्याला दुसरा कोणता मिळाला असता?

संच पूर्ण करणं म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत मांडून बघू. पन्नास कार्डं सारख्याच प्रमाणात छापली आहेत, पाकिटागणिक एक कार्ड आहे आणि आतलं कार्ड आधी दिसत नाही, असं धरा. कुणाशी अदलाबदल न करता पन्नासही जमवायची तर सरासरी २२५ पाकिटं लागतात. पहिली पंचवीस कार्डं साधारण ३४ पाकिटांत हाती येतात, पण उरलेल्या पंचवीसांसाठी आणखी जवळपास १९० पाकिटं जातात. अखेरचं एकच कार्ड राहिलं तर ते मिळेपर्यंत सरासरी पन्नास पाकिटं फोडावी लागतात. दहाचं पाकीट धरलं तर पूर्ण संचामागे सव्वादोन हजार सिगारेट झाल्या. मुलं अदलाबदल करत, त्यामुळे एकेकट्याचा आकडा खाली येई हे खरं. पण अदलाबदलीलाही दुसऱ्या कुणाच्या बापाने फोडलेलं पाकीट लागतंच. सुरुवातीला झपाट्याने भरत जाणारा आणि शेवटाला अडून बसणारा हा संच म्हणजे आवळा देऊन कोहळा काढण्याची अतिशय नेमकी रचना होती.

आता समोरच्या पक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये कार्डांच्या मागे खरोखरच माहिती छापली जात होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेयर कंपनीने १९३२ मध्ये रानपक्षी, १९३३ मध्ये गोड्या पाण्यातले मासे असे संच काढले. ब्रिस्टलच्या विल्स कंपनीने १९३६ आणि १९३७ मध्ये रानफुलांचे संच काढले. मागच्या बाजूला नेटका, जाणकार माणसाने लिहिलेला मजकूर असे. चिकटवायला एका पेनीत अल्बम मिळे. खाणकामगाराच्या, गिरणीकामगाराच्या घरात पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक येण्याची शक्यता नव्हती, तिथे हा अल्बम आला. ‘मिस्टर, कार्ड आहे का?’ असं विचारत पोरं रस्त्यात सिगारेट ओढणाऱ्या माणसांच्या मागे लागत. त्यातल्या कित्येकांना पाखराचं नाव आधी कार्डावर कळलं आणि मग कुंपणावर दिसलं. हे ज्ञान खोटं होतं असं म्हणण्याचा मला अधिकार नाही, आणि तसं म्हणणारे त्या मुलांचा अपमान करतात.

पण यातून काय सिद्ध होतं? माहिती बरोबर होती म्हणून हेतू शुद्ध होता, असं सिद्ध होत नाही. उलट माहिती चुकीची असती तर सगळा डाव फसला असता. रंग चुकलेल्या पक्ष्याचा संच कुठला चौकस मुलगा जमवणार? शिक्षकाने ज्याला मान डोलावली तेच कार्ड वर्गात फिरणार. अचूकपणा हा कंपनीने जगावर केलेला उपकार नव्हता, तो मालाचा दर्जा होता. आणि तो मुलगा गिऱ्हाईक नव्हता, हेही विसरून चालणार नाही. ब्रिटनच्या १९०८ च्या बालक कायद्याने सोळा वर्षांखालच्या मुलांना तंबाखू विकायला बंदी घातली होती. मुलाला सिगारेट विकता येत नव्हती, पण मुलाकडून बापावर तगादा लावता येत होता. ‘बाबा, तुम्ही ती नका घेऊ, ही घ्या, मला तीनच फुलपाखरं कमी आहेत,’ असं रोज संध्याकाळी दारात उभं राहून सांगणारा विक्रेता कोणत्या कंपनीला पगार देऊन मिळाला असता? शिवाय त्या घरात सिगारेटचं पाकीट उघडणं हा मुलाच्या दृष्टीने दिवसातला आनंदाचा क्षण ठरला. दहा-बारा वर्षांनी तो स्वतःच्या पैशाने पाकीट घ्यायला गेला, तेव्हा त्याच्या मनात त्या पाकिटाबद्दल काय असेल याची कल्पना करा.

दुसरा आक्षेप काळाचा. तंबाखूने कर्करोग होतो हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांचा गाजलेला अभ्यास १९५० चा. ब्रिटनमधली कार्डं तर १९४० मध्येच कागदटंचाईने बंद पडली. आजचं ज्ञान कालच्या माणसावर लादणं अन्याय आहे, हे मला मान्य आहे, आणि फुप्फुसाच्या कर्करोगापुरता मी तो आक्षेप पूर्ण स्वीकारतो. पण मुलांपासून सिगारेट दूर ठेवावी हे कळायला १९५० उजाडावं लागलं नाही. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याने १६०४ मध्येच तंबाखूविरुद्ध पुस्तिका लिहून फुप्फुसांना घातक म्हणून तिची निंदा केली होती. १८९५ ते १८९७ या काळात नॉर्थ डकोटा, आयोवा आणि टेनेसी या अमेरिकी राज्यांनी सिगारेटविक्रीवर बंदी घातली. १९०८ चा कायदा तर ब्रिटनच्या या कंपन्यांच्या डोळ्यांदेखत झाला. विल्सची आल्प्समधली फुलं १९१३ ची, ब्रिटिश फुलपाखरं १९२७ ची. बालकांना तंबाखू विकू नये हे देशाच्या संसदेने सांगून झाल्यावर बालकांना आवडतील अशा वस्तू तंबाखूच्या पाकिटात घालणं याला अजाणता म्हणता येईल का?

तिसरा आक्षेप असा की त्या काळी सगळेच असं करत. मांसाच्या अर्काची लीबिग कंपनी १८७० च्या दशकापासून चित्रकार्डं देत होती, जर्मनीत चॉकलेटवाले देत होते. बरोबर. मला तर हा मुद्दा माझ्या बाजूचाच वाटतो. अमेरिकेत चर्च अँड ड्वाइट या खाण्याचा सोडा विकणाऱ्या कंपनीनेही पक्ष्यांची कार्डं काढली. लुई अगासिझ फ्युएर्टेससारख्या नामवंत पक्षिचित्रकाराने त्यांच्यासाठी चित्रं काढली आणि त्या कार्डांवर पक्ष्यांना मारू नका, त्यातच सगळ्यांचं भलं आहे, असं आवाहन होतं. त्या आवाहनाला अर्थ होता. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन हा पक्षी-अभ्यासक न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर फिरून बायकांच्या टोप्या मोजत होता. सातशे टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर त्याला पिसं किंवा अख्खे पक्षी खोवलेले दिसले, चाळीस जातींचे. अशा काळात पक्ष्यांची चित्रं लाखोंनी वाटणाऱ्या तंबाखूवाल्यांना पक्ष्यांसाठी एक ओळ छापणं अवघड नव्हतं. त्यांनी यादी छापली. ब्रिटनमध्ये पुढे १९५४ पासून ब्रूक बाँड कंपनीने चहाच्या पुड्यांत कार्डं घातली. चार्ल्स टनिक्लिफसारख्या थोर चित्रकाराने त्यांच्यासाठी पक्षी रंगवले आणि आणखी एका पिढीने ती जमवली. तंबाखू नसती तर ते ज्ञान मुलांपर्यंत पोचलंच नसतं, हा दावा चहाने खोटा पाडला.

आणि ज्ञानाचीच तळमळ होती, तर १८९० मध्ये काय झालं ते बघा. पाच मोठ्या कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली, तिच्यात ॲलन अँड जिंटरही होती. आपसातली स्पर्धा संपली, आणि त्या दशकात कार्डांची ती पहिली लाट ओसरत गेली. मुलांची जिज्ञासा तर काही कमी झाली नव्हती.

वाहन कुणाचंही ओझं वाहतं, हेही लक्षात घ्यावं लागेल. १९३८ मध्ये विल्सने हवाई हल्ल्यापासून बचाव कसा करावा याचा पन्नास कार्डांचा संच काढला, कारण घराघरात पोचायला याहून सोपी वाट नव्हती. ते चांगलं काम झालं. पण त्याच दशकात जर्मनीत सिगारेटबरोबर मिळणारी चित्रं चिकटवण्याचे अल्बम निघत होते, आणि १९३६ चा असा एक अल्बम हिटलरच्या गौरवाचा होता. ज्या पोरांना फुलपाखरं चिकटवायची सवय लागली त्यांना पुढचं काय चिकटवायला दिलं जाईल यावर त्यांचा काहीच ताबा नव्हता.

इथवर वाचून कार्डं कपाटात बंद करा म्हणणाऱ्यांना मी त्यांच्यातलाच वाटेन. तसं नाही. ही कार्डं नजरेआड केली तर आपण पुरावाच नष्ट करू. सिरॅक्यूज शहरातला जेफर्सन बर्डिक हा वायरमनचं काम करणारा, संधिवाताने पिडलेला माणूस. त्याने तीन लाखांहून अधिक कार्डं आणि छापील चिटोरी जमवली, त्यांची वर्गवारी केली, १९४७ पासून ती मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला देत गेला आणि १९६३ मध्ये मरेपर्यंत अल्बमांत चिकटवत राहिला. त्याने हे केलं नसतं तर मागच्या बाजूची ती यादी आज मला कुठून दिसली असती? संग्राहकांना भाबडे म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं की तंबाखूच्या जाहिरातीचा सर्वांत तपशीलवार पुरावा या हौशी लोकांनीच सांभाळला.

आणि पुरावा लागतो, कारण ही युक्ती संपलेली नाही. १८८८ मध्ये विल्सने ‘वाइल्ड वुडबाइन’ हे कुंपणावरच्या सुगंधी वेलीचं नाव एका स्वस्त सिगारेटला दिलं. पेनीला पाच मिळणाऱ्या त्या सिगारेटवर ब्रिटनमधला कष्टकरी आणि पहिल्या महायुद्धातला शिपाई वाढला. याच विल्सच्या घराण्यातून पुढे इंपीरियल टोबॅको उभी राहिली आणि १९१० मध्ये तिच्या नावाची कंपनी कोलकात्यात आली. १९५६ मध्ये अमेरिकेत सेलम ही मेंथॉलची सिगारेट वसंतातली कुरणं आणि झरे दाखवत बाजारात उतरली. मार्लबोरोने मोकळे डोंगर आणि घोडे दाखवले. २०१५ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने ‘नॅचरल’ आणि ‘भेसळमुक्त’ अशा अर्थाच्या दाव्यांवरून नॅचरल अमेरिकन स्पिरिट या सिगारेटच्या उत्पादकांना इशारा दिला. दावे उतरले, नावातलं ‘नॅचरल’ टिकलं. आपल्याकडे महाराष्ट्रात तंबाखूच्या पुडीवर गाय आहे आणि तिचं नाव इतकं रुळलं आहे की गावात ‘गायछाप दे’ एवढंच म्हणतात. बिड्यांच्या बंडलांवर वाघ, हत्ती, पोपट फिरत आले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पानमसाल्याच्या जाहिरातींत केशराच्या काड्या आणि हिरवीगार वेलची झळकत असते. त्या केशराला आणि वेलचीला वाईट कोण म्हणेल? अॲलन अँड जिंटरच्या रॉबिनलाही कुणी म्हणालं नव्हतं. २००३ चा आपला तंबाखू नियंत्रण कायदा आणि २०१६ पासून पाकिटाच्या पंच्याऐंशी टक्के भागावर आलेलं भीषण चित्र यांचं महत्त्व यातच आहे. सव्वाशे वर्षं जी जागा पाखरांनी अडवली होती, तिथे पाकिटाच्या आतल्या वस्तूविषयी काहीतरी ठळकपणे छापलं गेलं.

म्हणून संग्रहालयांकडून माझी मागणी साधी आहे. कार्ड लावा, शेजारी त्याची पाठ लावा, त्याच कंपनीचं त्या काळचं पाकीट लावा. खाली लिहा की हा पक्षी कोणता, चित्र कोणत्या तंत्राने छापलं, संच किती कार्डांचा आणि तो पूर्ण करायला किती पाकिटं लागत. शाळांना ही चित्रं वापरायची असतील तर जरूर वापरावीत, पण तीच तळटीप घेऊन. यावर मला हमखास एक उत्तर मिळतं, की लहान मुलांचा आनंद कशाला नासवता, त्यांना पाखरू बघू द्या. मला हे पटत नाही. पाखराकडे डोळे भरून बघणारं बारा वर्षांचं मूल पाठीमागची यादीही वाचू शकतं, आणि गणिताच्या तासाला कुणी मदत केली तर २२५ हा आकडा वहीत स्वतः काढूही शकतं.